गडाच्या कुलपाला दोन थेंब तेल

तर काल कुठे थांबलो होतो? हां, गडाचा दरवाजा उघडेना तिथे! किल्ली बरोबर, कुलूप बरोबर, आणि खेळणारी निम्मी दुनिया दाराबाहेर ताटकळत उभी.

दरवाजा होता कॉम्प्युटरवरच्या खेळातला. राजे-सरदारांचा काळ, माउसनं एक वस्तू उचलायची, दुसरीवर वापरून बघायची, की गोष्ट पुढे सरकते. तीन वर्षं खपून हा खेळ केला कुलूपकाकांच्या सुनेनं. काका म्हणजे दारापेक्षा रुंद नसलेल्या दुकानात चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केलेला माणूस. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, तेल मुरेपर्यंत किल्लीला हात लावू देत नसत. सुनेनं विचारलं, "बाबा, त्या काळचं कुलूप उघडायचं कसं?" काकांनी कागदावर कुलूप काढून दिलं नि बजावलं, "आधी तेलाचे दोन थेंब, मग किल्ली." तिनं ते तसंच्या तसं खेळात घातलं.

खेळ बाहेर आला. चित्रांची तारीफ झाली, संगीताची झाली. पण ज्याच्या शब्दावर लोक खेळ विकत घेतात, त्या समीक्षकानं दहापैकी सहाच गुण दिले. "दरवाजात दोन तास अडकलो. तेल घालायचं हे काय स्वप्नात येणार होतं?" झालं, बाकीच्यांनी त्याचीच री ओढली.

सुनेचा चेहरा उतरला. असंच चाललं तर दुसरा खेळ करायला तिला दारात कोण उभं करणार?

"बाबा, ते तेल काढून टाकू का?"

"काढ की," काका म्हणाले. पण घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

काकूंना राहवलं नाही. "जन्मभर लोकांची दारं उघडलीत, आता सुनेचंच दार लावून बसलात!"

काका ताटावरून उठले. जुन्या पेटीतून गंजकं कुलूप काढलं आणि त्यात कोरडी किल्ली फिरवली. कर्रर्र! सुनेनं कानांवर हात ठेवले.

"बाबा, तेल घाला हो त्यात!"

"बघ, कळलं ना तुला?" काका हसायला लागले. "तुझ्या खेळातलं कुलूप मुकं आहे गं. मला हा आवाज रोजचा, म्हणून सांगायचं सुचलंच नाही. चूक माझीच."

तिनं तो आवाज तिथल्या तिथे टिपून खेळात बसवला. तेल राहिलं. आठवड्याभरात समीक्षकानं सहाचे आठ केले आणि खाली विचारलं, "आता कुलूप स्वतःच तेल मागतं, कबूल. पण तेलाचा एवढा हट्ट कशासाठी?"

सुनेनं कीबोर्ड काकांपुढे सरकवला. एका बोटानं, काकू मागून घाई करत असताना, त्यांनी उत्तर लिहिलं:

"साहेब, बिनतेलाचं कुलूप खेळात उघडलं असतं, तर उद्या तुम्ही घरच्या कुलपात किल्ली मोडून माझ्याकडेच आला असता. आणि मी आता दुकान बंद केलंय."