सायकलवाल्याची पांढरी भिंत

बोटीवरची नोकरी सोडून आलेल्या आमच्या महाडच्या सायकलवाल्याने विलायतेत टेलिव्हिजन पाहिला होता. चार साहेब सरकारवरून भांडतात आणि मधल्याने बोट उचललं की गप्प होतात, असं तो सांगे. दुकानात वाद पेटला की तो मधे स्टूल टाकून बसे आणि चुन्याची भिंत दाखवी.

"तिकडं बघून बोला. घराघरांत लोक बघतायत."

शेताच्या बांधावरून हातघाईवर आलेले कापडे गावचे दोघे भाऊसुद्धा भिंतीकडे बघत हळू बोलू लागले. धाकट्याने तर टोपी सारखी केली.

एका दुपारी तो भिंतीसमोर एकटाच बसलेला दिसला.

"आज कोण बोलतंय?" मी विचारलं.

"आज बघणाऱ्यांची पाळी हाय. ऐका."

मी शेजारी बसलो आणि नकळत टोपी सारखी केली.