चपलांजवळची अकरा वर्षं

परवा रविवारी आमच्या गाझियाबादच्या बुद्धविहारात वंदनेला गेले... पांढरी साडी नेसून, आणि चक्क दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. तुम्ही म्हणाल, यात पोस्ट टाकण्यासारखं काय आहे? सांगते. मी तिथे बसले ती अकरा वर्षांनी.

धाकटीच्या जन्मानंतरची गोष्ट. वंदना चालू होती, अगरबत्तीच्या धुराने मला लागोपाठ तीन शिंका आल्या आणि तिसऱ्या शिंकेला लघवी सुटली. खाली पांढरी चादर, अंगावर पांढरी साडी... सगळे उठून गेले तरी मी पायाला मुंग्या आल्याचं सोंग करून बसून राहिले.

त्यानंतर मी बसणंच सोडलं. गडद रंगाचा ड्रेस घालायचा आणि दाराशी चपला सांभाळत उभं राहायचं, म्हणजे बाथरूम चार पावलांवर. लोकांना वाटलं, केवढी ही सेवा! दोन वर्षांपूर्वी मंडळाने 'सेवाभावी महिला' म्हणून माझा सत्कारसुद्धा केला... ते सन्मानचिन्ह आमच्या टीव्हीशेजारी आहे, आणि त्याच्याकडे बघितलं की माझं डोकं फिरतं.

आता कोणी विचारेल, डॉक्टरकडे का नाही गेलीस? गेले होते ना! एक मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "दो बच्चों के बाद इतना तो होता ही है. पानी कम पिया कीजिए." दुसरीकडे सांगितलं, पॅड लावा, फारच त्रास झाला तर ऑपरेशन करू.

नवरा मनाने चांगला आहे हो, पण त्याचंही म्हणणं काय, तर आईलाही व्हायचं, चालायचंच. अरे, तुझ्या आईला व्हायचं म्हणून मलाही झालंच पाहिजे का? सासूने सुनेला द्यायचा दागिना आहे का तो?

मग काय... मेट्रोत पंचाईत नको म्हणून सकाळचा चहा बंद. ऑफिसात कोणी विनोद सांगायला लागलं की मी आधी पायाला पाय घट्ट लावून बसायची. हसायचीसुद्धा चोरी.

या हिवाळ्यात दिल्लीच्या हवेने खोकला धरला, महिनाभर हटेना. दवाखान्यात गेले तर एका तरुण डॉक्टरणीने छाती तपासता तपासता सहज विचारलं, "खाँसते वक़्त पेशाब निकलता है क्या?" मला रडूच फुटलं. अकरा वर्षांत हा प्रश्न आपणहून मला कोणीही विचारला नव्हता.

तिने बायकांच्या ओपीडीत पाठवलं. तिथल्या मॅडमनी ड्रॉवरमधून एक रिंग काढून माझ्या तळहातावर ठेवली. मऊ सिलिकॉनची, तान्ह्या बाळाच्या बांगडीएवढी, एका बाजूला जरा उंचवटा. योनीमार्गात बसवली की लघवीच्या नळीला आधार मिळतो आणि खोकलं-शिंकलं तरी गळत नाही... शिकवल्यावर आपली आपण काढता येते, धुता येते, परत घालता येते.

मी विचारलं, "ये नई निकली है क्या?" त्या म्हणाल्या, "नहीं जी, बहुत पुरानी चीज़ है." खरं सांगते, आनंदाच्या आधी संताप आला. ही एवढीशी वस्तू जगात होती, आणि मला सांगत काय होते, तर पाणी कमी प्या!

लगेच जादू झाली असंही नाही. पहिलं माप सैल निघालं, दुसऱ्याच दिवशी रिंग बाथरूममध्ये हातात आली. मग परत जाऊन मोठं माप बसवलं. मला खोकायला लावलं, उठाबशा काढायला लावल्या, कॉरिडॉरमध्ये दहा मिनिटं चालवलं. सगळ्यांना ती चालत नाही, मधूनमधून तपासणीला जावं लागतं, व्यायामही दिलेत... पण हे सगळं कोणीतरी बसून समजावून सांगितलं, हेच मला नवीन होतं.

ते मोठं माप विकत घ्यायला गेले तेव्हा केमिस्टने रिंग आधी पेपरात गुंडाळली, मग काळ्या पिशवीत घातली. माझी सटकली. "भैया, चोरी का माल है क्या?" म्हणाले, आणि पेपर-पिशवी दोन्ही त्याच्या काउंटरवर ठेवून आले.

तर रविवारी मी दुसऱ्या रांगेत. अगरबत्ती होतीच, शिंकही आली... साडी कोरडी, चादर कोरडी. मी डोळे मिटून घेतले, बाजूच्यांना वाटलं असेल काय एकाग्रता आहे!

तेवढ्यात सचिवांनी माइकवरून विचारलं, "आज चपलांजवळ ताई दिसत नाहीत, तब्येत बरी आहे ना?" मी हात वर केला, म्हटलं, आहे की, एकदम बरी आहे.

वंदना संपल्यावर सुनंदाकाकूंनी मला किचनमध्ये ओढलं. काकू नागपूरच्या, साठी उलटलेल्या. मी बघतेय तेव्हापासून दर रविवारी वंदनेच्या वेळी त्या आत चहा करत असतात.

"तू आज समोर कशी काय बसली?" मी सांगितलं. शिंक, साडी, रिंग... सगळं. काकू गॅस बंद करून ऐकत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "मले वाटे, तुले सेवेचीच आवड हाये."

मी म्हटलं, "काकू, मलाही तुमच्याबद्दल तसंच वाटायचं."

मग आम्ही दोघी हसलो... आणि हसता हसता काकूंनी पटकन ओट्याला धरून पाय जुळवले. ती सवय मी ओळखते. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही एवढी वर्षं उभ्या होतो, आणि एकमेकींना चुकूनही विचारलं नाही.

येत्या मंगळवारी सुट्टी टाकलीये, काकूंना घेऊन ओपीडीत जाते आहे. त्या खोकल्याच्या डॉक्टरणीला भेटून थँक्यूही म्हणायचंय. आणि सचिवसाहेब, ही पोस्ट तुम्ही वाचत असालच... काकूही लवकरच पुढे येऊन बसणार आहेत, तेव्हा चहा आणि चपलांचं तुम्हीच बघा.