मी त्या खोलीतून बाहेर आले तेव्हा

मुलांनो, तुमच्या मिलिंदकाकाच्या, माझ्या धाकट्याच्या, आजाराबद्दल फोनवर तुम्हाला अर्धंमुर्धंच कळलं. आज सगळं क्रमाने लिहिते. त्या दिवसांत माझा देवावरचा विश्वास डळमळला होता, तेही तुमच्यापासून लपवणार नाही.

गेल्या वर्षी काकाची पाठ दुखू लागली, डावीकडे, कमरेच्या वर. अंबरनाथच्या कारखान्यात दिवसभर उभ्याचं काम, म्हणून आधी तेल चोळलं. मग डॉक्टरांना मुतखड्याची शंका आली आणि मी रोज कुळथाचं कढण करून देऊ लागले. तो निमूट प्यायचा. दर सोमवारी मी शिवमंदिरात जायची, गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरून पिंडीपुढे बसायची. इकडे तो वाळत चालला होता. एका सोमवारी वाटलं, इथे ऐकायला कोणीच नाही.

सोनोग्राफीच्या दिवशी आमच्या बदलापुरात वीज गेली. सेंटर बंद. मी चिडले, पण काकाला उभंही राहवत नव्हतं, म्हणून रिक्षा करून उल्हासनगर गाठलं. तिथले नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. बदलीवर एक वयस्कर सिंधी डॉक्टरबाई आल्या होत्या. मी काकाबरोबर आत गेले. चौतीस वर्षांचा झाला तरी डॉक्टरांशी त्याच्या वतीने मीच बोलत असे.

“कधीपासून दुखतं?” त्यांनी त्याला विचारलं.

“दीड महिना,” मी म्हटलं.

“लघवीला त्रास?”

“नाही.” हेही मीच.

“मम्मी, पोट ह्याचं आणि जबाब तुमचा? हा मुका आहे काय?”

काका कसनुसा हसला. मग पोटावर यंत्र फिरवताना बाईंचा हात थांबला. मूत्रपिंडात खडा नव्हता. पण पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेला काळसर गोल गाठी दिसत होत्या. पडद्यावर त्या मलाही दिसल्या.

“मम्मी, आप बाहर बैठो.”

“मी आई आहे त्याची.”

“इसीलिए. जा, भगवानचं नाव घ्या. मला माझं काम करू द्या.”

बाहेर बाकावर बसले. नाव घ्यायला गेले तर एकही स्तोत्र आठवेना. एवढंच म्हटलं गेलं, “आता तूच बघ.”

मला नंतर कळलं, आत बाईंनी त्याला तोवर कोणीच न विचारलेला प्रश्न विचारला आणि तो बोलला. डाव्या अंडकोषात चार महिन्यांपासून कडक गाठ होती. दुखत नव्हती. माझ्यासमोर सांगायची लाज वाटली, म्हणून माझं कढण पीत राहिला. त्यांनी तिथेही तपासलं. कर्करोगाचा संशय त्याच दिवशी रिपोर्टात लिहिला गेला.

मी विचारलं, गाठ खाली, मग पोटात इतकी वर कशी गेली? त्या म्हणाल्या, “बच्चा पेट में होता है ना, तब ये अंडकोष किडनी के पास बनता है, बाद में नीचे उतरता है. बीमारी त्याच रस्त्याने वर जाते.” माझ्याच पोटात घडलेली ती वाट!

पुढे छातीचा सीटी स्कॅन झाला. हा दुर्मीळ आजार फुप्फुसांत पोचला असेल तर तिथे पांढरे गोल ठिपके दिसतात, असं सांगितलं होतं. रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. जेवताना मला ताटातल्या भाताच्या शितांचीही भीती वाटायची. फुप्फुसं स्वच्छ निघाली. तो अंडकोष काढला, मग केमोथेरपी झाली. पोटातल्या गाठी आक्रसत गेल्या. अजून ठरावीक महिन्यांनी स्कॅन असतो आणि त्याच्या आदल्या दिवशी मला घास उतरत नाही.

वीज जाणं आणि बाई त्याच दिवशी तिथे असणं याला काय म्हणायचं, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मी हात जोडते. दर सोमवारी देवाकडे मुलाला मागत होते आणि त्या मुलालाच बोलायला जागा ठेवली नव्हती. सोपवणं म्हणजे काय, ते एका डॉक्टरबाईने मला दाराबाहेर काढून शिकवलं.

तुमच्या शरीरात कुठेही, अगदी कुठेही, काही वेगळं लागलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. मला सांगायची लाज वाटली तर मला सांगू नका. मी बाहेर बसेन.