चष्मा घरी राहिला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबांना नाही. देवापुढे हात जोडले, तरी तिथेही मी विषय बदलत आले. तुम्ही दोघं नातवंडं इतक्या लांब आहात की लिहिताना तुमचे चेहरे दिसत नाहीत. म्हणूनच बहुधा जमतंय.

आपल्या घरात एक गोष्ट सगळे धरून चालतात — तुमचे बाबा मालिकांत काम करू लागले, ते आजोबांना रुचलं नाही, म्हणून ते बाबांशी बोलेनासे झाले. तुम्हीही तेच ऐकत वाढलात. ते खरं नाही. पण खरं काय, ते सांगायला मला जरा मागून यावं लागेल.

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, आजोबा शेती बघत. आमचं लग्न ठरताना मुलगा मॅट्रिक झालेला आहे असं सांगितलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं हिंगोलीला गेलो होतो. परतताना शिरड शहापूरची गाडी कोणती, ते कळेना. त्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला, शेजारच्या माणसाकडे बघून हसले आणि म्हणाले, "जरा पाटी वाचता का भाऊ? चष्मा घरी राह्यला."

घरी चष्मा नव्हताच.

त्यांना सही येत होती, तेवढीच. मला कळलं आहे, हे त्यांनाही कळलं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. घरात कागद आला की मी तो सहज वाचल्यासारखा मोठ्याने वाचायची. तुमचे बाबा लहानपणी पुस्तक घेऊन गेले, की आजोबा म्हणत, "आईला इचार, मास्तरीण ती हाय." गावातली कितीतरी पोरं माझ्या हाताखाली लिहा-वाचायला शिकली. मग यांना का नाही शिकवलं? त्यांना कमीपणा वाटेल, असं मी स्वतःला सांगत आले. पण खरं — त्यांना माझी गरज लागते, हे मला आवडत होतं.

बाबांना मुंबईत बरीच वर्षं किरकोळ कामं मिळत होती. मग एका मालिकेत गावाकडच्या विनोदी मामाची भूमिका मिळाली, रोजची. त्याचा फोन आला. "आई, पानं रोज सकाळी हातात येतात. त्यात वाक्यं असतात, माणूस नसतो. माणूस मलाच आणावा लागतो. तुझ्याकडे आहे का एखादा?"

मुलगा आपल्या कलेतलं काही मला विचारतो आहे — मी किती फुलले असेन! "आमच्या शाळेत एक पालक यायचे," मी म्हणाले. आणि सगळं दिलं. खिसा चाचपणं, ते ओशाळं हसू, ते वाक्य. नुसतं सांगितलं नाही, त्यांच्या आवाजात करून दाखवलं. तो पोट धरून हसला. मीही हसले. आजोबा तेव्हा बाहेर तुरीला ऊन दाखवत होते.

तो भाग लागला त्या संध्याकाळी आजोबांनी अर्धी गल्ली घरात बोलावली होती. मामाने खिसा चाचपला, वाक्य म्हटलं, आणि माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. आजोबाही हसले. सगळ्यांचं हसून झाल्यावर.

मग ते वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं. आखाडा बाळापूरच्या बाजारात एका काकांनी हिशेबात घोळ केला, तर कांदेवाला ओरडला, "काहून काका, चष्मा घरी राह्यला का?" भोवतालचे खिदळले. तो आजोबांना म्हणाला नव्हता. कुणालाच काही माहीत नव्हतं. पण त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि ते जीपकडे चालू लागले. त्यानंतर ते बाजारला आले नाहीत.

एका दुपारी मी डाळ निवडत होते. ते शेजारी येऊन बसले आणि खाली बघत म्हणाले, "पोराला ठाव व्हतं का गं? लहानपनापासून?"

एवढंच बोलायचं होतं मला — त्याला काही माहीत नाही, मी सांगितलं, तेही दुसऱ्याचं म्हणून. तोंडाशी आलं होतं. मी काय म्हणाले? "लेकरांना कळतंच, अहो."

"बराबर हाय," ते म्हणाले. "शिकलेलं पोरगं. कळनारच."

मी डाळ निवडत राहिले.

त्यानंतर बाबांचा फोन आला की ते "आईशी बोल" म्हणून माझ्या हातात देत. शूटिंग बघायला मुंबईला या, म्हणून बाबांनी किती आर्जवं केली. "आबांना माझं काम आवडत नाही का?" त्याने मला विचारलं. "त्यांचा स्वभावच तसा," मी म्हणाले. बापाला एक खोटं, लेकाला एक. मालिका मात्र आजोबा रोज बघत — आत येऊन बसत नसत, दारात उभं राहून. आपल्या लेकाने आपल्याला ओळखलं आणि जगापुढे हसण्यावारी नेलं, हे मनात घेऊन ते गेले.

परवा बाबांची मुलाखत टीव्हीवर होती, तुम्हीही पाहिली असेल. दिवसभर दुसऱ्यांचा मामा होऊन घरी आलो की माझी मुलं झोपलेली असायची, असं तो म्हणाला. वडिलांनी माझं काम कधी मानलं नाही, तरी अजून प्रत्येक प्रसंग त्यांना दाखवण्यासाठीच करतो, असंही म्हणाला. मग त्या वाक्याबद्दल विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "ते आईचं. शाळेतल्या कुणा पालकाचं तिने टिपलेलं. तिचं निरीक्षण विलक्षण आहे." समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

ते पालक म्हणजे तुमचे आजोबा. बाबांना हे ठाऊक नव्हतं आणि आजोबांना वाटत होतं, ठाऊक आहे. मध्ये मी होते, आणि मी तसंच राहू दिलं.

हेच, यातला एकही शब्द न बदलता, बाबांनाही पाठवते आहे. त्याचं शूटिंग चालू आहे, उद्या कदाचित तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागेल — तेव्हा हे काम संपेपर्यंत थांबावं, असं मनात आलं. त्याच्या काळजीपोटी, असंही वाटलं. पण मनातला तो आवाज माझ्या ओळखीचा आहे; आजोबांना शिकवलं नाही, तेव्हाही तोच बोलला होता. त्याला आधी पाठवलं, मग तुम्हाला.