गोधडीतला समुद्र

डिसेंबरच्या थंडीत आमच्या बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीला आई तिची जुनी गोधडी गुंडाळायची. झाकणाखाली लावलेल्या साठ वॉटच्या बल्बचा पिवळसर उजेड गोधडीच्या कडेने झिरपत राहायचा, आणि ती कड बोटाने जराशी सरकवली की आत दोन नारिंगी मासे दिसायचे – अंगावर पांढरेशुभ्र पट्टे, कल्ले अखंड हलते, जणू कुणाला तरी हाका मारताहेत. बाहेर नाशिकचं बोचरं वारं, स्टोव्हवर उकळणाऱ्या चहातल्या आल्याचा वास, आणि त्यात मिसळलेला एक ओला, खारट, कुठल्याशा दूरच्या किनाऱ्याचा गंध... मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. माझा समुद्र तीन फूट लांब होता, आणि त्याला थंडी वाजायची.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणत असू. ते सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात फिटर होते. एकदा कामानिमित्त मुंबईला गेले, तिथे एका दुकानात खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे पाहिले आणि परत आले ते वेगळेच होऊन. लोखंडी अँगलची चौकट त्यांनी स्वतः जोडली, गंजू नये म्हणून तिला हिरव्या ऑइलपेंटचे तीन हात दिले, काचा बसवल्या. कारखान्याचा माल बंदरावर नेणारे गुलाबचाचा ट्रकमधून कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणत. त्यांनीच एकदा ओल्या गोणपाटात गुंडाळून किनाऱ्यावरचे दगड आणले. टाकीत ठेवल्यावर आठ दिवसांनी त्या दगडांवर मुगाएवढी तपकिरी फुलं उमलली. उजेड लागला की उघडायची, सावली पडली की मिटायची. ती फुलं नव्हेत, जिवंत प्राणी आहेत, हे अप्पांनी सांगितलं तेव्हा मी श्वास रोखून पाहत राहिले होते.

पहिले मासे चार दिवसांत मेले. अप्पा डगमगले नाहीत, दुसरी जोडी आणली. शब्दकोश मांडीवर घेऊन ते एक इंग्रजी पुस्तक ओळ-ओळ वाचत, आणि वाचलेलं मला समजावत. ‘‘शैले, पाणी उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून रोज गोडं पाणी घालायचं, या लाल रेघेपर्यंत.’’ ते काम माझं. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी तांब्याची धार मी इतकी हळू सोडत असे, की पाण्याला कळूही नये. भिजवलेला जवळा बारीक कुस्करून चिमटीने घालायचा, तोही मीच. वीज गेली की हवेचा पंप बंद पडायचा. मग आम्ही दोघं आळीपाळीने टाकीतलंच पाणी मगात घेऊन उंचावरून परत सोडायचो, तासन्‌तास, हात भरून येईपर्यंत. उन्हाळ्यात बर्फाचे तुकडे पिशवीत बांधून पाण्यावर तरंगत ठेवायचो. दोघांतला मोठा मासा – त्याच्या शेपटीजवळचा पट्टा अर्धवट तुटलेला होता – माझं बोट काचेला टेकलं की धावत यायचा. दुसऱ्या कुणाच्या बोटाला तो यायचा नाही. अप्पांच्याही नाही.

रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे उदबत्ती लावून आम्ही तिघं वंदना घ्यायचो. पंचशील म्हणताना अप्पांचा आवाज घरभर घुमायचा. पहिलं शील जीवहत्या न करण्याचं, चौथं खोटं न बोलण्याचं – अर्थ मला त्यांनीच शिकवला होता, आणि त्या वयात मला वाटे की हे सगळं अप्पांनीच ठरवलेलं आहे.

कारखान्याचे साहेब एका रविवारी टाकी पाहायला आले. सोबत बायको, आणि माझ्याच वयाची मुलगी, रेवती. साहेब बराच वेळ काचेपुढे वाकून उभे होते. आईने पोहे केले, अप्पा उभ्यानेच बोलत राहिले. एवढंच घडलं.

मेमध्ये मी चांदवडला आत्याकडे गेले. निघताना मला राहवलं नाही. रोजच्या एका चिमटीऐवजी दोन टाकल्या. आत्याच्या अंगणात वाळणाऱ्या कांद्यांच्या वासातसुद्धा मला टाकीचा वास आठवत राहायचा. वीस दिवसांनी परत आले, चपलाही न काढता बाहेरच्या खोलीत गेले – आणि तिथे टाकी नव्हती, तिच्याखालचं लोखंडी टेबलही नव्हतं. फरशीवर चार गंजके ठिपके होते.

‘‘मेले गं,’’ अप्पा म्हणाले. ‘‘तू जाताना खाणं जास्त टाकलंस ना? ते सडलं, पाणी नासलं. टाकी काढून टाकली.’’

मी रडत त्यांच्या अंगावर कोसळले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ‘‘असू दे. चुकतं माणूस.’’

त्यांनी मला क्षमा केली! त्या क्षमेचं ओझं मी आठ महिने वाहिलं. घरात जवळा शिजला की मी ताटावरून उठायची. वंदनेत पहिलं शील आलं की मी नुसते ओठ हलवायची... आणि शेजारी अप्पा पाचही शीलं खणखणीत म्हणत राहायचे. त्याच काळात ते फोरमन झाले. रविवारीसुद्धा ओव्हरटाइमला जाऊ लागले. परतले की त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या ओल्या असायच्या. मला त्यांची कीव यायची.

जानेवारीत रेवतीच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं. आई नको म्हणत होती. का, ते मला कळेना. हट्ट करून गेले. गंगापूर रोडवरच्या त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात फुगे होते, केक होता, आणि खिडकीपाशी हिरव्या चौकटीतला माझा समुद्र होता. दगडांवरची फुलं उमललेली. मी काचेला बोट टेकवलं. तुटक्या पट्ट्याचा मासा धावत आला.

‘‘तो आमच्याकडे कधीच येत नाही,’’ रेवती आश्चर्याने म्हणाली. ‘‘तुझ्या बाबांनीच दिली ना ही टाकी! दर रविवारी येतात की ते, पाणी बघायला. तू का नाही येत?’’

केक न खाता चालत घरी आले. अप्पा सायकलची चेन साफ करत बसले होते.

‘‘अप्पा, मासे जिवंत आहेत.’’

त्यांचे हात थांबले. हातातली चिंधी खाली ठेवून म्हणाले, ‘‘साहेबांनी मागितली. नाही कसं म्हणू? तुला विचारलं असतं तर तू दिली असतीस?’’

‘‘नसती दिली. पण मी मारले, असं का सांगितलंत?’’

‘‘काहीतरी सांगायला हवं होतं, शैले.’’

काहीतरी! आई दारात उभी होती. तिने पदराने डोळे टिपले, म्हणजे तिलाही ठाऊक होतं. घरात न मेलेल्या माशांसाठी झुरणारी मी एकटीच होते.

दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली आणि टाकी हातगाडीवरून घरी परत आली. अप्पांनी ती जागच्या जागी मांडली, पाणी भरलं, मला हाक मारली. मी वाचत बसले होते, उठले नाही. मोठा मासा पुढे वर्षभर जगला म्हणतात. मी त्या खोलीतून मान वळवून जायची. अप्पा एकटेच मगाने पाणी ओतत बसायचे, आणि तो आवाज ऐकूनही मी गेले नाही, हेही खरंच आहे. नंतर आम्ही बोलत राहिलो – शिक्षणाचं, नोकरीचं, माझ्या लग्नाचं. पण त्यांनी सांगितलेली कुठलीही गोष्ट मी दुसऱ्या कुणाला तरी विचारून पाहिल्याशिवाय खरी मानली नाही. साध्या गाडीच्या वेळासुद्धा.

अप्पांच्या शेवटच्या आजारपणात मी दवाखान्यात त्यांच्यासाठी पेज घेऊन गेले होते. पडद्याआड एक तरुण नर्स त्यांचं सलाइन बदलत होती आणि ते तिला क्षीण आवाजात काही सांगत होते. ‘‘आमच्या घरी समुद्राचे मासे होते. माझी मुलगी सांभाळायची. दहा वर्षांची होती. तिच्या हातून एकसुद्धा मासा कधी मेला नाही.’’

‘‘हो का आजोबा?’’ नर्स म्हणाली.

‘‘एकसुद्धा नाही.’’

मी पडदा बाजूला केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या डब्याकडे. ‘‘पेज आणलीस?’’ म्हणाले. मी हो म्हटलं, डबा उघडला आणि त्यांना चमच्याने भरवत राहिले. ते वाक्य त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. मीही ऐकल्याचं सांगितलं नाही.