इंटरव्हलपर्यंतचा सिनेमा

बारावीच्या क्लासेससाठी मी बिलोलीहून लातूरला राहायला आलो, तेव्हा भूकंपाला काही वर्षं झाली होती. खोलीजवळ लिंबाखाली एक चाचा सायकली दुरुस्त करायचे. पंक्चर काढता काढता ते गिऱ्हाइकांना सिनेमे सुचवायचे. "लई जबरदस्त पिक्चर हाय, बघच बेटा," म्हणत हातातला पाना तलवारीसारखा फिरवायचे. गोष्ट मात्र इंटरव्हलपाशी थांबायची. पुढचं विचारलं की म्हणायचे, "ते तू बघून ये." आम्हाला वाटायचं, चाचा मुद्दाम उत्सुकता ताणतात.

एका रविवारी ते मला टॉकीजमध्ये दाराजवळच्या खुर्चीत दिसले. इंटरव्हलला उठले ते परत आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कारण विचारलं.

"भूकंपापासून छताखाली जास्त वेळ बसवत न्हाई," ट्यूबमध्ये हवा भरत ते म्हणाले. "जीव घाबरा होतो. पर पिक्चरबी सुटत न्हाई. पुढं काय झालं, सांग."

शेवटी हिरो मरतो, हे ऐकून त्यांचा पंप थांबला. चेहरा इतका पडला की मी घाईने म्हणालो, "मेल्यासारखा वाटतो, पण दवाखान्यात वाचतो."

चाचा खुलले. वर्षभर मी त्यांना सिनेमांचे शेवट सांगितले आणि कुणालाच मरू दिलं नाही. तेही ते शेवट बिनधास्त पुढे सांगू लागले. एकदा एक गिऱ्हाईक टॉकीजमधून तावातावाने आलं. "चाचा, हिरो तर मरतो की!"

चाचा शांतपणे म्हणाले, "मग तू लवकर उठून आलास. दवाखान्याचा सीन त्याच्या पुढं हाय."