रेखाला आणायला सोलापूरला

या गं, अशा जवळ सरकून बसा. आणि आधी हे सांगा, भर चैत्रात सोलापूरला निघालेल्या बाईच्या पिशवीत डिंकाचे लाडू कुणी कोंबले? शिवाय चोळायचं तेल, स्वेटर, आणि वर ही एवढी गोधडी. मी भाचीकडं निघाले होते की हिमालयात? तुमची माया कळते मला, पण ती उचलून न्यायची मला होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रेखा माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नक्षी काढते, एकटी राहते. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. नाव लांबलचक म्हणून सगळे एमएस म्हणतात. ते कळल्यापासून ताईच्या डोळ्याचं पाणी खळत नव्हतं. तिनं मला बजावून पाठवलं, रेखाला घेऊनच ये, खोली रिकामी कर, सामान टेम्पोत घाल. रेखाला मात्र आधी काही बोलायचं नाही. तिची दशा बघायची आणि उचलून बार्शीला आणायची.

गाडीत जागा मिळाली. वैराग सोडल्यावर एक खड्डा असा आला की वर ठेवलेली गोधडी एका झोपलेल्या पैलवान गड्याच्या अंगावर पडली. त्याला वाटलं घरीच आहोत. तो ती नीट पांघरून आणखी गाढ झोपला. सोलापूर आल्यावर त्याच्याकडून ती सोडवताना कंडक्टर म्हणाला, "आजी, लोक सोलापूरहून चादरी नेत्यात. तुमी गोधडी घिऊन आलाय, धाडस हाय की."

स्टँडवर रेखा उभी होती. एका हातात काठी, खांद्याला अडकवलेलं घडीचं स्टूल, मानेभोवती ओला टॉवेल. मला भरूनच आलं.

"मावशी, रिक्षात बसून रड," ती म्हणाली. "रिक्षावाला खोळंबलाय."

तिची खोली विणकरांच्या वस्तीत. मालकीणबाई तेलुगू, सगळी गल्ली त्यांना अम्मा (म्हणजे आई) म्हणते. रात्री त्यांनी कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली, मोडून खायची) आणि शेंगाचटणी पाठवली. माझ्या दातांनी भाकरीपुढं हात टेकले, पण चटणीनं अब्रू राखली.

सकाळी मी कामाला लागले. रेखाला तेल चोळलं, कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, गोधडीत गुंडाळलं. ती नको नको म्हणत होती, पण आजारी माणूस नको म्हणतंच. थोड्या वेळात तिचे पाय लटपटायला लागले. मला म्हणते, तू मला जरा धुरकट दिसतेयस. ताई म्हणत होती तेच खरं, टेम्पोच बघावा, असं म्हणून मी फोन शोधायला लागले.

रेखानं गोधडी भिरकावली, टॉवेल भिजवून मानेवर टाकला आणि कूलरपुढं जाऊन बसली. मी रडतेय आणि ही हसतेय. हसत हसतच तिनं मला समजावलं. आपल्या अंगात रोगाशी लढणारे राखणदार असतात, तेच एमएसमध्ये मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण कुरतडतात. उजनीच्या काठी माझ्या दिरांच्या पाण्याच्या मोटारीची वायर उंदरांनी कुरतडली होती. मोटार कधी चालायची, कधी नुसती गुरगुरायची. तसे हिचे पाय, कधीकधी डोळे. त्यात अंग तापलं की उरलेला करंटही अडखळतो, गार झालं की परत येतो. आजार मुळातून जात नाही, पण ठरल्या वेळी सलाइनमधून औषध घेते, ते नवी कुरतड अडवतं. रोज व्यायाम असतो. काही नवीनच बिघडलं आणि दिवसभर हटलं नाही, तर डॉक्टरांना फोन.

"म्हणजे सकाळपासून मीच उंदीर झाले होते म्हण की," मी म्हणाले.

"लाडू सोडून. लाडवांचा काही दोष न्हाय," म्हणत तिनं दुसरा उचलला. खरंच, तासाभरात ती नीट चालायला लागली.

ऊन उतरल्यावर आम्ही बाजारात गेलो. मी एक छान स्टीलची घागर घेतली. परतताना रेखाचे पाय दमले. तिनं भिंतीला लागून स्टूल उघडलं, टॉवेल डोक्यावर घेतला आणि बसली. मी घागर खाली ठेवून मागं उभी राहिले. ती भिंत नेमकी सार्वजनिक नळाची आहे, हे आम्हा दोघींच्या ध्यानात आलं नाही.

मग एक बाई आली, माझ्यामागं हंडा ठेवून गेली. मग दुसरी. एका गड्यानं सायकलवरूनच घरी फोन लावला, कळशा पाठवा म्हणून. बघता बघता रांग कोपऱ्यापर्यंत गेली, मध्ये घुसण्यावरून दोघींचं वाजलं. शेवटी मी मागच्या बाईला विचारलं, काय येणार आहे हो? ती म्हणाली, पाणी सुटणार हाय म्हणं. ते ऐकून मीसुद्धा माझी घागर चटकन पुढं सरकवली.

रेखाला हसू आवरेना. ती काठी टेकत उठून मोठ्यानं म्हणाली, "पाणी न्हाय ओ. मला आजार हाय, पाय दमले म्हणून बसले."

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. आता अरेरे, बिचारी, एवढी तरणी पोर असं सुरू होणार, म्हणून मी पदर डोळ्यांकडं नेला. तर रांगेतून आमच्या अम्मा ओरडल्या, "आधी सांगायचं की गं! आता एवढी भांडी आली, पाणी घेतल्याबिगर कोन हलतंय?"

तेवढ्यात पाणी सोडणारा चावीवाला तिथून चालला होता. एवढी रांग बघून तो दचकला. त्याला वाटलं, आपणच पाण्याचा वार विसरलो. धावत जाऊन त्यानं चावी फिरवली आणि नळ धो धो वाहायला लागला. पहिली घागर कुणाची, यावर वाद झालाच नाही. रेखाबाईंची.

घागर मी उचलली. कोपऱ्यापर्यंत जाईतो मला धाप लागली, गुडघे बोलायला लागले. रेखानं खांद्यावरचं स्टूल उघडलं. "बस मावशी. दमलं की बसायचं." मी बसले. मागं वळून बघते तर एक बाई हंडा घेऊन उभी.

घरी आल्यावर ताईचा फोन आला, टेम्पो ठरला का? रेखानं ऐकलं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, मला न्यायला सगळे निघतात गं. भेटायला कुणीच येत न्हाय."

मी ताईला सांगितलं, पोरीचे डॉक्टर इथं, काम इथं, अम्मा इथं. दमते, पण बसते आणि पुन्हा उठते. मी एकटीच परत येतेय.

येताना गोधडी अम्मांना दिली, आणि रेखानं माझ्यासाठी आणलेलं घडीचं स्टूल खांद्याला अडकवून गाडीत चढले. हे बघा, त्याच्यावरच बसलेय. ताई सकाळपासून त्याच्याकडं बघतेय, पण मी उठायची नाही.

तर आता निघायचं ठरवा. तेल नको, स्वेटर नको, टेम्पो तर नकोच. लाडू चालतील. रेखाचा निरोप आहे, ऊन व्हायच्या आत पोचा आणि चांगले चार दिवस राहा. तिला आणायला नको, नुसतं भेटायला. लवकर निघा गं.